गोळ्या कोणी नेल्या?

वर्षालीचा नवरा आदेश मरता मरता वाचला. आज सकाळी त्यानं डोळे उघडले, आणि वर्षालीला नेमकं आजच त्याचं तोंड पाहायचं नव्हतं.

ती बसली होती मंजुषाताईंसमोर. वर्ध्यात खासगी तपासाचं काम करणाऱ्या बाई. शेजारी त्यांचा मदतनीस अंकुश, पेन चावत.

"परवा याईले ताप भरला. डोकं फुटून राह्यलं म्हणे. उजेड सहन होईना, मान दगडासारखी ताठ, अंगावर जांभळे ठिपके. डॉक्टरनं पाठीतून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाले जंतू लागलेत. सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन शिरेतून चालू केलं, म्हणून जगले."

"मग हरवलं काय?"

"माह्या गोळ्या. रिफाम्पिसिन. हा रोग थुंकीतून पसरते, म्हणून जवळच्या माणसाले देतात. काल स्वयंपाकघराच्या खिडकीतून पट्टी गायब! मले दुसरी भेटली. लघवी केशरी होईल, घाबरू नका, म्हणाले डॉक्टर. पण पहिली कोणी नेली? जे त्याईच्या तोंडाजवळ गेलं, त्यानंच!"

"संशय?"

"छाया. समोरची शिलाईवाली. रोज संध्याकाळी हे दुकानातून उशिरा येतात. पह्यले खर्र्याची, त्या तंबाखू-सुपारीची, अर्धी पुडी खिशात उरायची, आता रिकामी. कोणाले चारतात, सांगा!"

"काल अंगणात अजून कोण होतं?"

"दुकानातला प्रेमदास, डबा न्यायले आलता. अन् शेजारी जेठ राह्यतात, याईचे मोठे भाऊ रूपराव. पण वाटणीत भांडण झालं तवाच मी याईले शपथ घातली. भावाशी बोलाल तर माहं मेलेलं तोंड पाहाल."

अंकुशनं लिहिलं: छाया. खाली दोन रेघा.

देवळी, वर्षालीचं गाव.

वर्षालीनं छायाला डोळ्यांनीच सोलून काढली. नवे कानातले. काजळ. बाई रडली, तेही किती देखणं! पांढऱ्या रुमालावर काजळाचा काळा डाग, बस.

"वहिनी, भाऊ मानते मी त्याईले!"

"सगळ्याच मानतात."

प्रेमदास. "खर्रा? मले सुपारीही चालत नाई ताई. दुकान बंद झालं का मालक गोदामामागं जायचे. खर्रा अन् पाण्याची बाटली घेऊन."

गोदामामागं! वर्षालीनं छायाच्या दाराकडं जळजळीत पाहिलं.

रूपराव ओट्यावर. "वर्षभरात मी आदेशचं तोंड पाह्यलं नाई." पांढऱ्या दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले. टोकाला केशरी डाग. मंजुषाताईंनी पाहिला, तसं तेच घाईनं बोलले, "भंडाऱ्यात बुंदी वाढली, तिचा रंग."

"कोणत्या गावचा भंडारा?" अंकुशनं आशेनं विचारलं.

रूपरावांनी दुपट्ट्याचं टोक मुठीत दडवलं.

दवाखान्यात, वॉर्डाच्या दाराबाहेर. मंजुषाताईंनी रूपरावांनाही बोलावून घेतलं होतं.

"ती गोळी लघवीच नाई, आसवंही केशरी करते. छाया रडली, रुमालावर नुसतं काजळ. भाऊजी रडले, तर दुपट्टा रंगला. ज्यानं वर्षभर भावाचं तोंड पाह्यलं नाई, त्याले भावाच्या रोगाची गोळी काऊन पाह्यजे? पुडी रिकामी होत होती, कारण खाणारे दोघं होते. एकच बाटली, दोन तोंडं."

"मग डॉक्टरले सरळ मागाची ना!" अंकुश.

"मागितली असती तर शपथ मोडल्याचं हिले कळलं असतं."

"मोडली नाई," रूपराव खालच्या आवाजात म्हणाले. "तो एक शब्द बोलला नाई कधी. पुडी पुढं करायचा, बाटली द्यायचा. अंधार पडेस्तोवर नुसते बसून राहू."

वर्षालीला छाया आठवली, लाज वाटली. मग लाजेच्या खालून जुनंच काहीतरी पुन्हा पेटलं. अंधार पडेस्तोवर! तिच्याजवळ तो कधी जेवणापुरताही निवांत बसला नव्हता.

आतून आदेशचा बारीक आवाज आला. पाणी मागत होता.

"चला भाऊजी," तिनं पदर खोचत दार ढकललं. "बोला काय बोलायचं ते, शपथ सुटली. पण खाटेजवळचं स्टूल माहं."