अगरूची पहिली खरेदी

नाक चोंदलेल्या मुलीनं अत्तराच्या दुकानात बसू नये, हे मला कळत होतं. पण बाबा परगावी जाताना बजावून गेले होते, "अगरूचा व्यापारी येईल. माल तू निवड. जमलं तर यापुढची सगळी खरेदी तुझी. नाहीतर तुझा चुलतभाऊ तयारच आहे."

त्या चुलतभावाला गुलाब आणि साबण यांतला फरक कळत नाही! म्हणून सर्दी लपवून मी ऐटीत बाबांच्या खुर्चीत बसले.

पोट सुटलेला कुणी म्हातारा येईल असं वाटलं होतं. आला तो... जाऊ दे. सर्दीत माझे डोळे तरी शाबूत होते.

त्यानं खोक्याचं झाकण उचकटलं, टेबलावर अगरूच्या सुगंधी लाकडाचे काळपट तुकडे मांडले. मी जाणकारासारखी एक ढलपी उचलून गरम तव्यावर ठेवली, डोळे मिटले.

"वा... मधासारखा! किती खोल!"

त्याच्या ओठांचा कोपरा हलत होता.

"ती खोक्याची ढलपी आहे," तो हळूच म्हणाला. "झाकण काढताना उडाली."

माझे कान तापले.

"सर्दी?"

"थोडीशी... बाबांना सांगू नका हं!"

"म्हणजे आज मी काहीही तुमच्या गळ्यात मारू शकतो तर!"

"मारा की! पण मग पुन्हा या दुकानाची पायरी—"

"पुन्हा यायचंय मला," तो घाईनं म्हणाला, आणि उगाचच खोक्यात बघू लागला.

मग तो एकेक तुकडा तापवून हुंगत बसला. "हा घ्या. हा नको, राळ कमी आहे. दिसतो झकास, पण वास दोन मिनिटांत उडेल." बघता बघता अर्धा माल बाजूला गेला. "माझ्याच मालाला नावं ठेवायची वेळ आणलीत माझ्यावर!"

तो हसला, आणि मी सर्दीला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

बाबांनी परत आल्यावर प्रत्येक तुकडा तपासला. "एकही फसवा नाही. शाब्बास!"

गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. पण ती शाबासकी घशाखाली उतरेना. मी सगळं सांगून टाकलं.

"मग त्याला परत का नाही पाठवलंस?" बाबांच्या कपाळावर आठी.

"स्वतःचा अर्धा माल त्यानं स्वतःच नाकारला, बाबा. असा माणूस मी तरी पाहिला नव्हता."

बाबांनी खरेदीची वही माझ्यापुढे सरकवली. "माणूस पारखलास ना? बास. बाकीचं नाक उघडल्यावर."

आठ दिवसांनी तो पुन्हा आला, रिकाम्या हातांनी. आता माझं नाक उघडलं होतं. त्याच्या सदऱ्याला अगरूचा असा काही वास येत होता, की मी वहीत काय लिहीत होते तेच विसरले.

"माल कुठाय?"

"नाही आणला. धंदा माझ्या काकांचा, आणि त्यांचा नियम आहे... नात्यात सौदा करायचा नाही."

"पण आपलं कुठलं नातं?"

"तेच... तेच विचारायला आलोय."

मला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. खोटं कशाला सांगू? त्याच्यावरची नजर न हटवता मी आत हाक मारली, "बाबा, आता अगरूसाठी दुसरा व्यापारी शोधावा लागणार!"