खांद्यावरच्या दोन थापा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द पदरचा नाही. हे माझ्या सख्ख्या आत्तेभावासोबत घडलंय. आम्ही त्याला दादा म्हणतो.

दादा पोलिसांना आणि अग्निशमन दलाच्या लोकांना अंधारात ड्रोन उडवायला शिकवतो. थंडीचे दिवस होते, अमावस्येची रात्र. गावाबाहेरच्या बंद कागद कारखान्यात एका तुकडीची परीक्षा होती.

या कामात एक नियम आहे. उडवणाऱ्याची नजर फक्त स्क्रीनवर. आकाशातल्या ड्रोनकडे लक्ष ठेवायला मागे एक जोडीदार उभा असतो. गुन्हेगार जवळ लपला असेल तर बोलायची सोय नाही. म्हणून दादाने स्वतःची पद्धत काढली होती.

खांद्यावर एक थाप... थांब.

दोन थापा... परत ये.

मागे वळून बघायचं नाही. विचार करायचा नाही. थाप पडली की बोटं हललीच पाहिजेत. हे त्याने प्रत्येक तुकडीकडून अक्षरशः घोटवून घेतलं होतं.

त्या रात्री लंबूची पाळी होती. लंबू म्हणजे ताडमाड उंच हवालदार. कारखान्यात कुठेतरी तात्या लपले होते. निवृत्त फायरमन, लपायची हौस दांडगी. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांना शोधायचं, एवढंच काम.

ड्रोन वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीपाशी गेला...

आणि परत आला.

"अरे, परत का आणलास?" दादा खेकसला.

"सर, दोन थापा दिल्या ना."

मागे अग्निशमन दलातली बाई जोडीदार म्हणून उभी होती. ती म्हणाली, "मी नाही सर. गारठ्याने माझे हात खिशातच आहेत."

"मग काय भुताने दिल्या?"

कुणी हसलं नाही.

पुन्हा उडवला. तीच खिडकी... पुन्हा परत. दादाने कपाळावर हात मारला. इतके आठवडे घसा फोडून शिकवायचं आणि परीक्षेच्या दिवशी हे असं! त्याने त्या बाईला ओढून लंबूच्या समोर उभं केलं. मागे आता कुणीच नव्हतं.

ड्रोन खिडकीपाशी गेला.

लंबूचा खांदा किंचित दबला... एकदा... दोनदा...

सगळ्यांनी पाहिलं.

दादाला मात्र नाटकच वाटलं. त्याने वॉकीटॉकी उचलला. "तात्या, बास झालं. बाहेर या. आज या पोरांकडून काही होत नाही."

त्याने बटण सोडलं, पुन्हा दाबलं.

"तात्या?"

नुसती खरखर...

तात्या एरवी एक टोमणा मारल्याशिवाय राहायचे नाहीत. इमारत अवाढव्य, मजल्यांच्या लाकडी जमिनी कुजलेल्या. कुठे आहेत ते कळल्याशिवाय कुणाला आत धाडणार? त्याने लंबूच्या हातातला रिमोट हिसकावला.

खिडकी जवळ आली.

थाप... थाप...

दादाची बोटं आपोआप मागे आली. स्वतःचीच शिकवण! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात काढ!" तो ओरडला. "कोण आहे ते, हात काढ!"

सगळी तुकडी त्याच्या समोर उभी होती.

त्याने ड्रोन पुढे रेटला. आता थाप पडली नाही. पाच बोटांनी त्याचा खांदा आवळला... गच्च...

तरी त्याने खिडकीतून ड्रोन आत घातला.

आतली जमीन खचली होती. भोकाखालच्या मजल्यावर तात्या पडले होते. जिवंत माणूस त्या कॅमेऱ्यात पांढराशुभ्र दिसतो. तात्या राखाडी होत चालले होते.

मग मात्र सगळे धावले. तात्या वाचले. पाय मोडला, पण वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दादाने दुसऱ्याच दिवशी ती पद्धत बंद केली. पण जुन्या तुकड्यांचं काय? तो एकेकाला फोन करत बसला. कुणी उचलेना, कुणी "बरं सर" म्हणून हसण्यावारी नेलं. दादा नुसता चरफडत होता.

मग दुसऱ्या शहरातल्या एका पोलिसाने फोन उचलला.

"पद्धत का बदलता सर? झकास आहे की! परवाच नदीकाठी हरवलेली मुलगी शोधत होतो. झाडीवर गेलो तर दोन थापा पडल्या, लगेच परत आलो."

"जोडीदार कोण होता?"



"सर... जोडीदार रजेवर होता. हाताला सवय झालीये, मी विचारच केला नाही."

"झाडी पुन्हा तपासलीस का?"

"दोनदा गेलो, सर."

"मग?"

"दोन्ही वेळा परत आलो..."

दादा तसाच गाडी काढून निघाला. नदीकाठची ती झाडी त्याने पायी पिंजून काढली. चिखलात लहान पावलांचे ठसे होते. मुलगी नव्हती. ती अजून सापडलेली नाही.

आणि जुन्या तुकड्यांतले काही जण अजूनही फोन उचलत नाहीत.