उघड्या डोळ्यांची जागती

अंथरुणाला खिळल्यापासून आईने फारसं काही मागितलं नव्हतं. पाणी दे, उशी सरळ कर, खिडकी उघड, खिडकी लाव, एवढंच. त्यामुळे एका सकाळी तिने चित्र मागितलं तेव्हा धाकटीला वाटलं, औषधाचा अंमल असेल.

"आमच्या लहानपणी प्रार्थनाघरात होतं ते," आई म्हणाली. "जागतीचं. माझ्यासमोर लाव. म्हणजे तूही झोपशील, मीही झोपेन."

जागती म्हणजे काय, हे धाकटी लहानपणापासून ऐकून होती. आजाऱ्याची खाट, शेजारी खुर्चीत बसलेली एक संत स्त्री, हातात दिवा आणि डोळे टक्क उघडे. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवलेलं चित्र. ती जागी आहे तोवर घरातल्या माणसाला न्यायला कुणी आत येत नाही, अशी लोकांची श्रद्धा. आईचं ते प्रार्थनाघर कधीच पडलं होतं. मूळ चित्र आता कुठल्याशा संग्रहालयात होतं म्हणे.

धाकटीचा अशा गोष्टींवर विश्वास होता असं नाही. पण झोप येईल म्हटल्यावर तिने कशावरही विश्वास ठेवला असता. औषधाच्या दुकानातली नोकरी तिने अर्ध्या वेळेची करून घेतली होती. थोरली ताई दूरच्या शहरात होती आणि दर रविवारी फोनवर न चुकता सांगायची, "तू जरा स्वतःकडे बघत जा गं." बघायला वेळ कुठून आणायचा, ते मात्र तिने कधी सांगितलं नाही. दिवस कसातरी ढकलता यायचा. रात्र नाही. धाकटीचा डोळा लागतो न लागतो तोच पलीकडच्या खाटेवरून हाक यायची.

"झोपलीस का गं?"

"नाही आई. काय हवंय?"

"काही नाही."

आणि पुन्हा थोड्या वेळाने तेच. काही नको असायचं. नुसतं विचारायचं. कधीकधी धाकटीला इतका राग यायचा की ती उशीत तोंड खुपसायची आणि मग त्या रागाची लाज वाटून उरलेली झोपही जायची.

बाजारामागच्या गल्लीत जुन्या चित्रांच्या नकला छापून देणारं एक दुकान होतं. छपाईवाला कपाळावर चष्मा चढवून बसलेला, नखांत रंग मुरलेला माणूस. धाकटीने चित्राचं नाव सांगितल्यावर त्याने विचारलं, "कुठली जागती देऊ? ओळखीची की खरी?"

"दोन आहेत?"

"चित्र एकच. फोटो दोन." त्याने दोन नमुने तिच्यापुढे मांडले. "मधे संग्रहालयाने ते साफ केलं. वरचे थर काढले. तेव्हा कळलं, उघडे डोळे नंतर कुणीतरी रंगवलेले. मुळात बाई झोपलेली आहे."

खरंच झोपली होती. हनुवटी छातीला टेकलेली, ओठ जरासे विलगलेले, हातातला दिवा कलंडायच्या बेतात. दमलेलं माणूस झोपतं तशी, अवघडून. आणि खुर्चीच्या मागे, पहिल्या नमुन्यात नुसता काळोख होता तिथे, कुणीतरी उभं होतं. आजाऱ्याकडे न बघता त्या बाईवर झुकलेलं. एक हात तिच्या केसांवर.

"हे कोण?"

"तेही साफ केल्यावरच निघालं. वर काळा रंग थापलेला होता."

"देवदूत असेल."

छपाईवाल्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि जरा वेळ बघितलं. "पंख नाहीत," तो म्हणाला. "पण म्हणा. आपलं काय जातंय." मग त्याने दोन्ही नमुने गुंडाळून तिच्या हातात दिले. दुकानात बघून तो कुणालाच ठरवू द्यायचा नाही. ज्या भिंतीवर चित्र लागणार त्या भिंतीच्या उजेडात बघायचं आणि मग कळवायचं, ही त्याची पद्धत होती.

संध्याकाळी धाकटीने दोन्ही नमुने आईसमोरच्या भिंतीवर टाचले. आईला सांगितलं नाही. आईच्या डोळ्यांना आता माणूस आणि दाराला अडकवलेला कोट यांतला फरकही कळत नव्हता. उघड्या डोळ्यांची जागती सरळ धाकटीकडे बघत होती. तिच्याकडे बघूनच धाकटीला आणखी थकल्यासारखं झालं. या घरात अगोदरच दोघी जाग्या होत्या, त्यात तिसरीची भर कशाला?

मग तिने झोपलेलीकडे पाहिलं. त्या केसांवरच्या हाताकडे पाहिलं. आपल्या डोक्यावरून शेवटचा हात कुणी फिरवला होता, हे तिला आठवेना. ती तिथेच जमिनीवर बसली आणि आवाज न करता रडली. मनावरचं ओझं जरा उतरलं. आईला कुठे दिसतंय, तिने स्वतःला समजावलं. आईला फक्त चित्र लागलंय हे कळलं की झालं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. "खरी छापा."

छपाईवाल्याने विचारलं, "आईंना दाखवलीत?"

"हो," धाकटी म्हणाली.

ढगाळ दुपारी तो स्वतःच चित्र घेऊन आला. खिळा ठोकला, चित्र टांगलं, चारदा मागे सरून ते सरळ केलं. खोलीत ओल्या रंगाचा वास भरला. निघताना त्याने धाकटीला दारापर्यंत बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"त्या मागच्याच्या तोंडाला बोट लावू नका. बाकी सगळं छापल्या छापल्या वाळलं. तेवढंच ओलं राहिलंय. दुसऱ्यांदा छापून बघितलं... तरी तसंच."

"वाळेल हळूहळू."

"हो," तो म्हणाला आणि घाईघाईने जिना उतरला.

"लावलं का गं?" आईने विचारलं.

"लावलं."

"डोळे उघडे आहेत ना तिचे?"

"टक्क उघडे."

आईने लांब श्वास सोडला. कित्येक महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर असं सैलपण दिसलं नव्हतं. "मग झोप तू," ती म्हणाली आणि तिने स्वतःचेही डोळे मिटले. धाकटीला हायसं वाटलं. एक लहानसं खोटं, त्यात कुणाचं काय बिघडलं? ती आपल्या खाटेवर आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली.

जाग आली ती कशाने, ते कळलं नाही. खोलीत करडा अंधार होता. रंगाचा वास इतका दाट झाला होता की जिभेवर त्याची चव येत होती. तिने आईच्या खाटेकडे पाहिलं आणि ताडकन उठून बसली.

आई बसली होती. जिला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागायचा ती, पाठ ताठ करून, दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसली होती. अंगभर कापत होती. डोळे धाकटीच्या उशीच्या थोडं वर लागलेले.

"आई! अगं, उठलीस कशी?"

"हळू बोल... इकडे ये. माझ्याकडे ये आधी."

धाकटी धावत गेली, तिच्या खाटेवर बसली, तिला मिठीत घेतलं. आईची हाडं तिच्या हातांखाली थरथरत होती.

"ती झोपलीय ना गं? चित्रातली?"

"आई, तुला दिसत तरी..."

"मला काय दिसतं ते तू नको सांगूस. मी डोळे मिटले आणि ते लगेच आत आले."

धाकटीने मिठी आणखी घट्ट केली. "कुणी नाही आलं. मी आहे ना इथे. मी नाही नेऊ देणार तुला."

"मला?" आई हसली. फार थकलेलं हसू होतं ते. "वेडी आहेस. मला न्यायचं असतं तर कधीच नेलं असतं. माझ्याकडे ते बघतसुद्धा नाहीत."

"मग?"

"तू झोपलीस की तुझ्या उशाशी येऊन उभे राहतात. तुझ्या केसांना हात लावायला बघतात. मी हाक मारली, तू ओ दिलीस, की मागे सरकतात... इतके दिवस रोज रात्रभर तेच करत होते मी. तुला राग यायचा, कळायचं मला. पण आता नाही गं होत. म्हणून म्हटलं, ती तरी जागेल."

धाकटीच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडलं. "चुकलं माझं, आई. मी आत्ता जाते त्याच्याकडे. दुसरं आणते. उघड्या डोळ्यांचं. तू तोवर फक्त जागी राहा. आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"डोळे मिटू नकोस."

"नाही मिटत... जरासे टेकवते फक्त."

"आई!"

आईचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. धाकटीने तिला हलवलं, गालावर चापट मारली, हाका मारल्या, रागावली, विनवलं. आईचा श्वास संथ चालला होता. किती रात्रींची साठलेली झोप होती ती, तिला आता कोण उठवणार? लहान मूल झोपावं तशी शांत झोपली होती म्हातारी.

धाकटी तिला धरून बसून राहिली. दार पाठीमागे होतं, तिची स्वतःची खाट पाठीमागे होती. मागे वळून बघायला हवं, हे तिला कळत होतं. पण तेवढी मान वळवायचंसुद्धा त्राण अंगात नव्हतं आणि पापण्यांवर एक ओळखीचा, गोड जडपणा उतरत होता. रंगाचा वास अगदी जवळ आला.

तिच्या मागे गादीची कड हळूच दबली. कुणीतरी येऊन बसलं होतं, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून बसतात तसं, जपून.