दुर्राच्या खिडकीचा तडा

गल्लीच्या वळणावर दुर्राला आधी स्वतःचाच चेहरा दिसला. वाऱ्यानं विस्कटलेले केस, खांद्यावर घसरलेला रुमाल... मग ती भलीमोठी काच जराशी खाली आली आणि तिच्यामागून एका पुरुषाचा चेहरा वर आला.

"सरका, सरका! मी नाही, काच म्हणतेय."

दुर्राला हसू आलं. समुद्रकाठच्या महदियाच्या जुन्या गावातली गल्ली ती. एक माणूस आणि एक काच शेजारी शेजारी मावत नाहीत.

"काचवाले आहात? मग ही पोचवली की आमच्याकडे या. खिडकीची काच फुटलीय. महिन्याभरात तिसरी."

"तिसरी? घरात भांडणं फार होतात वाटतं."

"भांडायला माणसं लागतात. आम्ही दोघीच आहोत—आई आणि मी."

त्याचं नाव नूमान. कैरवानहून आला होता, मामाचं दुकान सांभाळायला. त्याच संध्याकाळी तो घरी आला. खिडकी थेट समुद्रावर उघडणारी. दुर्राची आई मबरूका खिडकीकडे पाठ करून मसूर निवडत बसली होती.

"पक्षी चोच मारतात," कुणी विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"पक्षी नाही, तो शेजारचा हमादी," दुर्रा कुजबुजली. "कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमचं वाजलंय."

नूमाननं तड्यावरून हळूच बोट फिरवलं. "दगड लागला की काच मधून फुटते, चांदणीसारखी. ही कडेपासून सरळ तडकलीय. रात्रभर गारठलेल्या काचेचा एकच भाग उन्हानं एकदम तापला, तर अशी होते."

"ऊन सगळ्याच खिडक्यांवर पडतं."

"तेच तर..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

नवी काच नवव्या दिवशी तडकली. दुर्रा दुकानात गेली तेव्हा तो उगाचच फडक्यानं हात पुसत राहिला.

"तुमची काच फुटली की वाईट वाटायला हवं मला. वाटत नाही. काय करू?"

"औषध घ्या," ती म्हणाली. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या... त्यानं त्या पाहिल्या, आणि आपण पाहिल्या हे लपवलंही नाही.

त्या संध्याकाळी तो काच बदलायला आला तेव्हा तिनं त्याला पुदिन्याचा चहा दिला, वर चिलगोजे टाकून. भिंतीवरचा फोटो कुणाचा, त्यानं विचारलं.

"माझा भाऊ, शाकिर. दोन वर्षांपूर्वी होडीतून इटलीला निघाला. अकराजण होते. ना पत्र, ना..." तिनं पेला खाली ठेवला. "ना काही."

नूमान उठून खिडकीपाशी गेला. त्यानं विचारलं, "काच नेमकी कधी तडकते?"

"मी शिलाईच्या कारखान्यात गेल्यावर. रविवारी मी घरी असते. रविवारी कधीच नाही."

तो खिडकीच्या आतल्या बाजूची, काच धरून ठेवणारी पुट्टी खरवडू लागला. मागच्या वेळी त्यानंच लावलेली, बरेच दिवस ओलसर राहिलेली. तिच्यात लोकरीचा एक तपकिरी धागा रुतला होता. त्यानं तो तळहातावर ठेवून पुढे केला, आणि दुर्राचा चेहरा उतरला.

तो शाकिरच्या कशाबियाचा धागा होता—थंडीत अंगावर घ्यायच्या त्या जाड झग्याचा. आई तो रात्रंदिवस उराशी धरून बसायची. शेवटी दुर्रानंच तो पेटीच्या तळाशी दडवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी बाहेर पडली, आणि अर्ध्या तासानं नूमानला घेऊन परतली. दार हळूच लोटलं.

मबरूका खिडकीशी उभी होती. दोन्ही हात पसरून तिनं तो झगा काचेवर घट्ट दाबून धरला होता, कपाळ त्यावर टेकलेलं. जाड लोकरीमागे काच तापत होती, कडेच्या फटीतून समुद्रावरचं ऊन आत येत होतं.

"आई!"

ती वळली नाही. "याच वेळेला होड्या परततात गं. मला नाही मोजायच्या... पण डोळे मोजतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस, आता पुरे. दमली होतीस गं तू."

नूमान दाराबाहेरच थांबला होता. आल्या पावली तो परत गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं खिडकीला बाहेरून लाकडी पट्ट्यांची झडप बसवली. ती लावली की समुद्र दिसत नव्हता, आणि काच तापतही नव्हती.

आता काच फुटणार नव्हती. आता यायला त्याला कारणही नव्हतं. तरी बिजागऱ्यांना तेल द्यायला तो तीनदा आला.

"एवढं तेल तर जहाजालाही लागत नाही," दुर्रा म्हणाली.

तो हसला... मग हसू विरलं. "अब्बांना अर्धांगवायू झालाय. उजवा हात गेला. शुक्रवारी कैरवानला जातोय, कायमचा." तो मबरूकाकडे वळला. "खाला, तुम्ही दोघी चला माझ्याबरोबर. दुर्राचा हात मागतोय मी. आणि तिथं समुद्र नाही."

मबरूकानं त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आणि तो आला तर दार कोण उघडेल, बाळा?"



शुक्रवारी गाडीतळावर दुर्रा त्याला पोचवायला गेली. गाडीत सात जागा भरल्या होत्या, आठवी त्याची. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"तू थांब म्हण," नूमान म्हणाला. "मी उतरवतो सामान."

तिला म्हणायचं होतं.

"जा. अब्बांना घास भरवायला कुणी नाही." मग तिनं त्याच्या बाहीवरचा पुट्टीचा पांढरा डाग नखानं खरवडला, हळू, जणू घाई कुणालाच नव्हती. "आवडतोस तू मला. हे ऐकून जा."

त्यानं तिचा हात धरला. मागून कुणीतरी खाकरलं. हात सुटला... आणि गाडी ऑलिव्हच्या झाडांमधून वळली.

घरी आई मसूर निवडत होती. दुर्रा तिच्यासमोर बसली आणि मुठीत मसूर घेतले, पण तिला काही दिसत नव्हतं. दोन वर्षांत आईनं तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आज तिनं ताट बाजूला सारलं, पदरासारखा खांद्यावरून घेतलेला सफसारी पुढे ओढला आणि त्याच्या टोकानं लेकीचे डोळे पुसले.

"ये, जवळ बस," मबरूका म्हणाली. "सांग मला त्याच्याबद्दल."