फुंकर

भरलेली बादली उचलणाऱ्या बाईला साधी फुंकर सोसत नाही, असं कसं होईल? अश्लेषाने उत्तर ठरवून टाकलं होतं. आई सोंग करते.

सोलापूरच्या कापडगिरणीत आईचा हात मागात सापडला, त्याला आठ महिने झाले. जखम भरली, तरी ती कण्हायची. म्हणून अश्लेषाने कोपराखालच्या व्रणावर हळूच फुंकर घातली, तर आई किंचाळली आणि तिने अश्लेषाला ढकललं. दुसऱ्या दिवशी आईच्या रजेची तपासणी करायला गिरणीचा तपासनीस रोबो घरी आला. "आई काय काय कामं करते?"

"बादली उचलते की! नुसती नाटकं," अश्लेषा फुरंगटून म्हणाली.

रजा नामंजूर झाली. सोमवारपासून पुन्हा माग.

शनिवारी भर दुपारी तिने दारातून पाहिलं. घामाने निथळत आई एकटीच पंखा बंद करून बसली होती. पदर हाताला लागला तशी कळवळली. बघायला कोणी नसताना सोंग कोण करतं?

अश्लेषा तडक गिरणीत गेली. "जखम भरली, मग दुखतं कुठे?"

"मज्जारज्जूत (पाठीच्या कण्यातून जाणारी संदेशांची वाट)," रोबो म्हणाला. "तिथे काही पेशी पहारा देतात. साध्या स्पर्शाला वेदनेच्या वाटेवर जाऊ देत नाहीत. आईच्या हाताची चेता (संदेश वाहणारा तंतू) तुटली, तेव्हा मज्जारज्जूतल्या मदतनीस पेशी खवळल्या. त्यांच्या रसायनांनी वेदनेच्या पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडला. आता पहारेकरी 'थांब' म्हणतात, पण ते लागू पडत नाही. फुंकर वेदनेच्या वाटेने मेंदूत जाते आणि मेंदूला ती आग वाटते."

"आणि बादली?"

"ती तळव्याने उचलतात. तुटलेली चेता कोपराखालच्या कातडीची आहे."

"हे तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"फॉर्ममध्ये हाताचा रकाना आहे, मज्जारज्जूचा नाही. घरच्यांच्या जबाबाचा आहे. तो तू भरलास."

अश्लेषाने फॉर्म ओढून घेतला. "मला तो बदलायचाय."

"फेरतपासणी तीन महिन्यांनी."

"तोवर?"

"तोवर माग."

तिने नवा जबाब लिहिला. खाली स्वतःच एक रकाना आखला: मज्जारज्जू. "हा पहारा परत नीट करता येईल?"

"प्रयोगशाळांत शोध चालू आहे. अजून जमलेलं नाही."

ती घरी आली. "उन्हातून आलीस ना," म्हणत आईने व्रणाचा हात पाठीमागे लपवला आणि पंखा लावला.

अश्लेषाने तो बंद केला.

"अगं, घामाघूम झालीस!"

"असू दे," ती म्हणाली, आणि आईच्या चांगल्या हाताच्या बाजूला जाऊन बसली.