पूर्वेकडे वळलेला दिवा

पणतीचं तोंड पूर्वेकडे होतं.

टेबलावरच्या बाकी सगळ्या पणत्यांच्या वाती दक्षिणेकडे होत्या. गेलेल्या माणसासाठी दिवा तसाच लावतात. या एका पणतीखालच्या पांढऱ्या कापडावर तेलाचा ओला डाग होता, तो मात्र दक्षिणेच्या बाजूला. म्हणजे दिवा आधी दक्षिणेकडेच जळत होता. नंतर कुणीतरी वळवला होता.

पणतीमागचा फोटो नाहीसा झाला होता. चंदनाचा हार तेवढा जपून बाजूला ठेवलेला होता.

सोनाली पोलादपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. डोंगरातल्या वाड्यांमधून जुने फोटो मागून आणून तिने शाळेच्या सभागृहात मांडले होते. पितृपक्ष चालू होता, म्हणून लोकांनीच आपापल्या माणसांपुढे हार आणि दिवे आणले. दुपारी सगळे जेवायला गेले, तेवढ्यात हे घडलं.

फोटो जितेशने मुंबईहून आणला होता. जत्रेत काढलेला. वडील कुशाबा आणि त्यांच्या खांद्यावर धाकटा भाऊ रायबा, तेव्हा अगदी लहान. कुशाबा पुढे आजारपणात गेले. रायबा मोठा झाला, त्याचं पूनमशी लग्न झालं आणि नंतर वाडीवर दरड कोसळली. रायबा सापडलाच नाही. घरातले फोटोही मातीखाली गेले. रायबाचा हा एवढाच उरला होता.

"सोन्याची दुकानं सोडून फोटो कोण चोरतं, मॅडम?" जितेश म्हणाला. "पूनमने नेला असणार. तिच्या नवऱ्याचा फोटो ना."

"दिवा कुणी लावला?"

"मीच. हारही मीच घातला. बाबांना आणि रायबाला मिळून एक."

"आईंना विचारून?"

जितेशने मान खाली घातली. "तिने घालू दिला असता होय? सकाळी आली होती. दारातनंच फिरली. गुडघे दुखतात म्हणाली."

पूनम, रायबाची बायको, बाहेर पायरीवर बसली होती. कपाळावर कुंकू होतं.

"फोटो तुम्ही नेलात?"

"नाय, बाई. मला तर तो हारासकटच बघायचा होता." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दर पितृपक्षात आईंना विचारते, यांचं पान वाढू का? त्या म्हणतात, जित्या माणसाचं पान वाढतेस काय गो? मी हे कुंकू लावते ते कुणाच्या नावाने, ते मलाच ठाऊक नाय."

सोनालीने जितेशला हाक मारली. दोघांना घेऊन ती जितेशच्या आईच्या, सगुणाबाईंच्या नव्या घरी गेली.

"मी घरातनं हललेच नाय," सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या.

"सकाळी तर शाळेत आलीस ना, आई?" जितेश म्हणाला.

त्या आत जाऊन बसल्या. सोनाली त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"चोराने दिवा विझवला नाही, आजी. वळवला. गेलेल्याचा दिवा जित्याचा केला. जितेशने तो स्वतःच दक्षिणेकडे लावला होता. पूनमला पान वाढायचं आहे, ती कशाला वळवेल? रायबा जिवंत आहे असं मानणारं माणूस या घरात एकच आहे."

सगुणाबाई उठल्या. तांदळाच्या पिंपात हात घालून त्यांनी फोटो काढला. काचेवरचे दाणे पदराने पुसले.

"माझ्या पोराला हार घातला यानं," त्या म्हणाल्या. "विचारलं पन नाय."

"चुकलं माझं," जितेश पुटपुटला.

"पण दिवा एकच होता, आजी," सोनाली हळू म्हणाली. "तो कुशाबांचाही होता."

सगुणाबाईंचा हात काचेवर थांबला. कुशाबांचं पान त्या दर वर्षी न चुकता वाढायच्या. त्यांचाच दिवा आज त्यांनी फिरवला होता. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. बापाने पोराचे दोन्ही पाय घट्ट धरले होते.

"खांद्यावरनं उतरायचाच नाय हा," त्या म्हणाल्या. "मी वराडायचे. हे म्हनायचे, ऱ्हाऊ दे, माझ्यापाशीच बरा हाय."

पूनमने तोंडाला पदर लावला.

सगुणाबाईंनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या,

"पूनम, यंदा बापाशेजारी त्याचं पान वाढ गो."