सरदार असं बोललाच नव्हता

घड्याळजीनं मला फसवलं. तेही माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्या हातचा चहा पिऊन. वर चार लोकांत माझं हसं झालं, ते वेगळंच.

माझं शिलाईचं दुकान आहे. शाळा दुसरीत सुटली, पण गिऱ्हाइकाचं माप मी कधी कागदावर उतरवलं नाही. एकदा कानावर पडलं की डोक्यात पक्कं. खांदा साडेपंधरा म्हणजे साडेपंधरा, वर्षानं येऊन विचारा. वाचायचं म्हटलं की मात्र अक्षराला अक्षर जोडत बसावं लागतं. आणि टीव्हीवरची माझी आवडती किल्ल्याची मालिका पडली परक्या भाषेतली! खाली आपल्या भाषेत ओळी येतात खऱ्या, पण मी एक शब्द लावेपर्यंत पळूनही जातात. म्हणून दर रविवारी दुपारी, दुकान बंद असतं तेव्हा, माझी लेक मला त्या वाचून दाखवते. सरदार, राजकन्या, तो आग ओकणारा सरडा... सगळ्यांचे आवाज काढून.

घड्याळजी आमच्यात शिरला तो भिंतीवरच्या घड्याळामुळे. समोरच घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याचं. घड्याळ बंद पडलं म्हणून निरोप धाडला, तर हा रविवारीच उगवला, नेमका मालिकेच्या वेळी. शिडीवर चढला, डोळ्याला भिंग लावलं. पडद्यावर सरदार बुरुजाला लोंबकळत होता, तर हा तिथूनच म्हणतो, "काळ्या ढालीचा सरदार मरायचा नाही हं."

लेक वळलीसुद्धा नाही. "तुम्हाला कोणी विचारलं?"

"त्याच्या पायाखाली पायरी आहे. नीट बघा."

"तुम्ही तुमचे काटे बघा."

सरदार वाचला. लेकीनं मान वर करून पाहिलं, तर हा शिडीवर तसाच — भिंगातून तिच्याकडे बघत. ती हसली... आणि हसू लपवायला सुतात गाठ नसताना गाठ शोधू लागली. दहा मिनिटांच्या कामाला त्या दिवशी दोन तास लागले.

मग तो दर रविवारी यायला लागला. सोमवारी संध्याकाळी काम आवरलं की चर्चा. बेकरीवाला यायचा, शाळेच्या बाई यायच्या. पण खरी जुंपायची ती या दोघांची.

"सरदाराचा जीव आहे तिच्यावर," घड्याळजी म्हणायचा. "राजकन्येला दिसत कसं नाही?"

"न बोलता कसं दिसेल? तिच्याकडे काय भिंग आहे?"

"काही माणसांना... बोलता येत नाही."

"तलवार उपसता येते, तोंड उघडता येत नाही?"

यावर हा चहाच्या कपात बघत बसायचा. पोराच्या हातात बारीकातला बारीक स्क्रू थरथरत नाही, पण माझी लेक समोर आली की बशी वाजते. मला दिसत होतं सगळं. पण मी कशाला बोलू? मी मुलीची आई.

अशात लेकीला दूरच्या शहरातून बोलावणं आलं. नाटकाच्या कंपनीत कपडे शिवायचं काम. तीन महिन्यांचं घे, नाहीतर कायमचं घे. काय ते मंगळवारपर्यंत कळवायचं होतं.

"कायमचंच घेते," ती म्हणाली. "इथे थांबायला आहे काय?" आणि हे म्हणताना बघितलं कुठे, तर समोरच्या दुकानाकडे.

त्या रविवारी ती काम बघायला गेली. वाचायला उरला घड्याळजी. भाग असा, की राजकन्या किल्ला सोडून निघाली आहे. सरदारानं तिच्या घोड्याचा लगाम धरला, ओठ हलले... आणि घड्याळजी जे वाचायला लागला, बाई गं! मी पदर डोळ्याला लावला.

सोमवारी सगळे जमले. लेक परतीच्या प्रवासात फोनवर भाग बघून आली होती. नेहमीच्या खिडकीत बसून ती अस्तर कापत होती, दारात घड्याळजी. मी म्हटलं, "काय बोलला हो सरदार! असं माणूस मिळायला भाग्य लागतं."

बाई बघतच राहिल्या. "काकू, तो कुठे काय बोलला? 'घोड्याचा नाल ढिला आहे, जपून जा.' एवढंच."

बेकरीवाला पोट धरून हसला. "काकूंना डुलकी लागली असेल!"

डुलकी? मला? एकवेळ शिवण उसवलेली चालेल, पण माझी आठवण खोटी ठरवलेली चालायची नाही. मी कमरेवर हात ठेवून शब्द न् शब्द म्हणून दाखवला.

"'तू गेलीस की त्या खिडकीत कोण बसेल? सुई टोचली की तू बोट ओठांत धरतेस...'"

लेकीची कात्री थांबली.

"'...आणि मला दिवसभर काम सुचत नाही. रोज चार वाजता मी दोन कप चहा मागवतो. दुसरा तुझ्यापर्यंत आणायचं धाडस होत नाही, तो निवून जातो. जाऊ नको म्हणणार नाही. पण... परत ये.'"

कोणी हसेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. किल्ल्यात चहा? राजकन्येच्या हातात सुई? मी घड्याळजीकडे वळले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता मेला!

लेक उठली. मांडीवरचं अस्तर खाली पडलं, तिला भानही नव्हतं. "सरदार असं म्हणाला?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणजे... लिहिलं नव्हतं तसं."

"मग?"

"म्हणायचं होतं त्याला. रोजच."

"आणि राजकन्या? ती काय म्हणाली?"

"ते... मला वाचता नाही आलं."

"मी वाचू?" ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बोटांना खडूची पूड, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर ते शिडीच्या दिवशीचं हसू. "ती म्हणाली — तीन महिन्यांचंच काम घेते. आणि वेड्या, दुसरा कप आणून तर बघायचास!"

तो हसला. मग ती हसली. मग बेकरीवाल्यानं टाळी वाजवली, आणि बाईंनी त्याला गप्प केलं.

पण माझं काय? मला मध्ये घालून, माझ्याच तोंडून माझ्याच लेकीला मागणी? मी टेप गळ्यात अडकवली आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"ऐक, घड्याळजी. माझ्या न वाचण्याचा फायदा घेतलास, त्याला शिक्षा आहे. तीन महिने दर रविवारी येऊन मला वाचून दाखवायचं, आणि जे लिहिलंय तेच. तुझं स्वतःचं जे काही असेल, ते रोज हिला फोन करून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि ही परत येईपर्यंत चार वाजताचा तो दुसरा कप मला आणून द्यायचा. गरम. ...जावईबापू."